अंगठ्याचं नख आणि शेवटची बरणी

सगळा घोटाळा केला तो विहीणबाईंच्या सपातांनी.

लेस्कोवात्स गावात कुणाच्याही घरी जा, दारातच बूट काढायचे आणि यजमानणीने पुढे केलेल्या सपाता पायांत सरकवायच्या, हा नियम राज्यघटनेपेक्षा जुना आहे. राज्यघटना तरी मधूनमधून बदलते. तर जूनच्या शेवटच्या रविवारी वेलिबोर स्टोइल्कोविच, भूमापन कार्यालयातला निवृत्त हेडक्लार्क, आपल्या मुलीच्या, यास्नाच्या, होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेला. हातात पुष्पगुच्छ, कॉफीचा पुडा, अंगात काळा शर्ट. बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि वर्षभर काळं घालायचं असतं. गॉर्दानाबाईंची फरशी अशी चकचकीत, की वाकून बघितलं तर माणसाला स्वतःची सगळी नोकरी दिसावी. आणि त्या फरशीवर त्यांनी वेलिबोरपुढे ठेवल्या पांढऱ्याशुभ्र, बोटं उघडी राहणाऱ्या सपाता.

वेलिबोरने बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं. गेल्या नोव्हेंबरपासून त्या घरात मोजे रफू करणारं कुणी नव्हतं. आणि त्या भोकातून, खिडकीतून शेजाऱ्यांच्या भांडणाचा कानोसा घ्यावा तसं, अंगठ्याचं नख बाहेर डोकावत होतं. पिवळं, जाड, कडेला भुगा झालेलं. कार्यालयाच्या तळघरातल्या दस्तऐवजांचे कोपरे असे होतात. पण ते दस्तऐवज कुणी विहीणबाईंना दाखवायला नेत नाही.

गॉर्दानाबाईंनी नखाकडे एकदा बघितलं. पांढऱ्या सपाता त्यांनी हलकेच उचलल्या आणि न्हाणीघरातल्या रबरी सपाता आणून ठेवल्या. मग कॉफी झाली, भोपळ्याची गोड गुंडाळी झाली, हवापाणी झालं. निघताना मात्र दारापाशी क्लोरीनचा असा दरवळ सुटला होता, की वेलिबोरला आपण घरातून निघतोय की पोहण्याच्या तलावातून, हे कळेना.

"बाबा," गाडीत यास्ना म्हणाली, "ते नख कुणाला तरी दाखवा."

"कोणतं नख?"

"जे सगळ्यांनी पाहिलं ते. नोव्हेंबरात आईच्या वर्षाला ती सगळी मंडळी आपल्याकडे येणार आहेत. बूट काढून."

वेलिबोरने डावा पाय सीटखाली ओढला. छत्तीस वर्षं त्याने लोकांना 'कागद अपुरे आहेत' म्हणून परत पाठवलं होतं. आपण स्वतः अपुरे ठरण्याची ही पहिलीच वेळ.

आता लेस्कोवात्समध्ये आजार ही खाजगी गोष्ट नाही. संध्याकाळपर्यंत शेजारचा मिलुतिन कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. मिलुतिन रेल्वेतून निवृत्त झालेला. सिग्नल नसला तरी गाडी पुढे काढायची त्याला हौस.

"वेल्या, डॉक्टर कशाला? राकियात पाय बुडवून बस. अर्धा तास. घरी गाळलेली आलुबुखारची दारू पाहिजे, दुकानातली नाही."

"आणि राकियाचं पुढे काय करायचं?"

मिलुतिनने थोडा विचार केला. "ते तुझ्यावर आहे."

राकियाने नख प्रसन्न झालं, बरं झालं नाही. मग लसूण आला. लसणाने मांजर घर सोडून गेलं. मग मिलुतिनने द्राक्षवेलींवर मारायचं मोरचूद आणलं. "वेलीची बुरशी जाते ना? मग नखाची का नाही जाणार? बुरशीला काय ठाऊक ती वेलीवर आहे की वेलिबोरवर?" वेलिबोरने अंगठा पुढे केला. त्यामुळे आठवड्याने वेलिबोर जेव्हा त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसला, तेव्हा त्याचा अंगठा गडद निळा होता.

बाईंनी चष्मा वर केला. "आधी एवढं सांगा, हा रंग रोगाचा की उपचाराचा?"

पण गोळ्यांपर्यंत पोचणं सोपं नव्हतं. आधी घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, चिठ्ठीवर शिक्का, शिक्क्यावर सही. मग नखाचा तुकडा तपासायला प्रयोगशाळेत. तिथल्या खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "नमुना कशाचा?"

"नखाचा."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"स्वतः आणलाय?"

"पायानेच आलोय," वेलिबोर म्हणाला. मुलगी हसली नाही. अहवाल यायला तीन आठवडे लागले, तोवर चिठ्ठीची मुदत संपली, नव्या चिठ्ठीवर शिक्का उलटा पडला. "काका, उलटा शिक्का चालत नाही." वेलिबोरला पंचवीस वर्षांपूर्वीचा एक शेतकरी आठवला. उलट्या शिक्क्यापायी त्याने त्या माणसाला डोंगरावरच्या गावाला परत पाठवलं होतं, बर्फातून. परमेश्वराच्या दप्तरात काही गहाळ होत नाही, फक्त वेळ लागतो.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. बाई चांगल्या होत्या, बोटांवर मोजत नीट समजावून सांगत होत्या.

"रोज एक गोळी, तीन महिने. आधी रक्त तपासून यकृत ठीक आहे का बघू, मध्ये पुन्हा बघू. राकिया बंद. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर आत्ता सांगा. भूक मेली, मळमळ सुटेना, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगावर पुरळ उठलं, तोंडाची चव गेली, तर गोळी थांबवायची आणि सरळ माझ्याकडे यायचं. शेजाऱ्याला विचारायचं नाही."

शेवटचं वाक्य त्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या.

वेलिबोरने घरी येऊन पाकिटातला माहितीचा कागद उलगडला. तो उलगडतच गेला. असा कागद त्याने नोकरीतही पाहिला नव्हता. बारीक टाइप, दोन्ही बाजू, आणि मजकुराचा एकूण सूर असा, की छापणाऱ्यानेच हात झटकलेत. कपाटातून त्याने एक जुनं रजिस्टर काढलं, रेघा मारल्या, स्तंभ पाडले: दिनांक, लक्षण, तीव्रता, शेरा. सरकारी माणसाला मरणाचं भय नसतं. नोंद न होता मरण्याचं असतं.

पहिल्या आठवड्यात कागदातली निम्मी लक्षणं त्याला झाली. डोकं दुखलं, गुडघा दुखला, पोट फुगलं. दर सकाळी तो रजिस्टर बगलेत घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचा, आणि दुशांका नावाची तिथली फार्मासिस्ट काउंटरवर हनुवटी टेकून ऐकायची.

"काका, गुडघा किती वर्षं दुखतोय?"

"अकरा."

"आणि गोळी किती दिवस?"

"चार."

"मग गुडघ्याने गोळीची वाट पाहिली नसावी."

छातीतली धडधड मात्र खरी निघाली. "कॉफी किती घेता?" दुशांकाने विचारलं. वेलिबोर दिवसाला पाच घेत होता, काळी, उकळलेली. एक उठल्यावर, आणि बाकीच्या चार कुणीतरी समोर बसलंय असं वाटावं म्हणून. "या गोळीने कॉफी शरीरात जरा जास्त वेळ रेंगाळते. दोनच घ्या." त्याने दोन केल्या. धडधड थांबली. दुपारी मात्र लांबल्या.

मिलुतिनला हे सगळं बघवेना. कुंपणावरून तो म्हणाला, "वेल्या, माझापण अंगठा जरा पिवळाच आहे रे. चारपाच गोळ्या दे ना. शेजारधर्म."

"तुझ्या त्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या हृदयाच्या. हा अंगठा. मध्ये केवढं अंतर आहे बघ."

"डॉक्टरची चिठ्ठी आण. शिक्का सरळ पाहिजे," वेलिबोर म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. मिलुतिनने तेव्हापासून अबोला धरला. म्हणजे वेलिबोरशी, वेलिबोरविषयी बोलतच होता.

एक नोंद मात्र रजिस्टरात रोज न चुकता तशीच व्हायची. चव. ऑगस्टच्या सुरुवातीला वेलिबोरने पहिल्यांदा तिथे लिहिलं, आणि मग रोज खाली 'वरीलप्रमाणे' अशी खूण केली. लिहिलं होतं ते असं:

'चव: गेल्या नोव्हेंबरपासूनच नाही. औषधाशी संबंध नाही.'

नोव्हेंबरात त्याची बायको ल्युबिंका गेली होती. बाजारातून भाजी घेऊन आली, खुर्चीवर बसली, "वेल्या, जरा पाणी दे" म्हणाली, आणि तो पाणी घेऊन येईपर्यंत गेली. तेव्हापासून घरात शिजणारं सगळं सारखंच लागायचं. तो स्वतः शिजवत होता, त्यामुळे त्यात अन्नाचाही काही दोष होता. पण मिलुतिनची बायको स्टाना वाडगं भरून सूप घेऊन यायची, तेही हल्ली कोमट पाण्यासारखं लागू लागलं, तेव्हा त्याने तिला एकदा विचारलंच.

"स्टानावहिनी, मीठ विसरलीस का गं?"

स्टानाने सुपात बोट बुडवून चाटलं आणि डोळ्याला पदर लावावा तसा ॲप्रन लावला. "मीठ आहे वेल्या. सुतकाचं वर्ष आहे, वर्षभर घास लाकडासारखाच लागायचा. माझ्या सासूबाई सांगायच्या, सासरे गेले तेव्हा त्यांना मधसुद्धा माती लागायचा. वर्ष झालं की येते चव परत. पाद्र्याने प्रार्थना म्हटली की येते."

गोळीने चव जाते हे कागदात लिहिलं होतं, डॉक्टरीणबाईंनी बोटावर मोजलं होतं. पण दुःखाने चव जाते हे स्टाना सांगत होती, आणि ती सुपाचं वाडगं घेऊन आली होती. कागद सूप आणत नाही.

खरं तर हिशेब जुळत नव्हता, आणि हिशेब न जुळणं वेलिबोरच्या लक्षात यायला हवं होतं. कारण एक गोष्ट नोव्हेंबरनंतरही त्याला लागत होती: ल्युबिंकाचा आयवार.

लेस्कोवात्समध्ये सप्टेंबरात प्रत्येक अंगणात चूल पेटते आणि लांबट लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्या जातात. साली काढून, वाटून, तेलात तासन्‌तास ढवळून बरण्या भरतात, हिवाळाभर पावाला लावायला. तो आयवार. प्रत्येक घराचा वेगळा, आणि प्रत्येक घराच्या मते बाकीच्यांचा बिघडलेला. ल्युबिंका गेली तेव्हा फडताळात तिने केलेल्या आठ बरण्या होत्या. वेलिबोरने त्यांचं वेळापत्रक केलं. महिन्याला एक. पावावर पातळसा थर, डोळे मिटून. बाकी महिनाभर जे काही लाकूड खाल्लं ते खाल्लं, पण त्या एका घासात स्वयंपाकघरात कुणीतरी वावरत असायचं. सातवी बरणी जूनमध्ये संपली. आठवी त्याने नोव्हेंबरातल्या वर्षाच्या विधीसाठी ठेवली होती. बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'आयवार. बरा झालाय.'

ती संपायच्या आत आपण तसाच आयवार करायचा, असं त्याने ठरवलं होतं. कृती लिहिलेली नव्हती. ल्युबिंका काही मोजत नसे. वहीत एवढंच होतं की मीठ 'मागेल तेवढं'. पण वेलिबोरला काळजी नव्हती, कारण त्या घरात चव बघायचं खातं चौतीस वर्षं त्याच्याकडे होतं. ती ढवळता ढवळता लाकडी चमच्याचं टोक त्याच्यापुढे धरायची. तो गंभीरपणे जीभ फिरवून, सीमारेषेवर निकाल द्यावा तसा म्हणायचा, "व्हिनेगर थोडं कमी आहे."

"तुझ्या जिभेला काय कळतंय!" ती म्हणायची, आणि व्हिनेगर घालायची.

दरवर्षी हेच. कृती कागदावर नव्हती. ती वेलिबोरच्या जिभेवर होती. दुसरी प्रत नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्याने तीस किलो मिरच्या आणल्या. मिलुतिनने अबोला सोडला, कारण आयवार हा अबोल्यापेक्षा मोठा विषय आहे.

"या मिरच्या? वेल्या, विकणाऱ्याने तुझा काळा शर्ट पाहिला वाटतं."

"तू लाकडं फोड."

मिलुतिनने लाकडं फोडली आणि ओली निघाली. धूर इतका झाला की पलीकडच्या गल्लीतून अग्निशामक दलाला फोन गेला; दोन जवान आले, त्यांनी मिरच्या पाहिल्या, "भाजताय छान" म्हणाले आणि एक पिशवी भाजलेल्या मिरच्या घेऊन गेले. साली काढताना वेलिबोरने डोळा चोळला आणि तासभर एका डोळ्याने सोलत बसला. वाटणयंत्राचं हँडल स्टानाच्या हातात आलं, यंत्राशिवाय. रविवारी सकाळी कढई चढली, दुपारपर्यंत वेलिबोर ढवळत होता. चमचा तळाशी ओढला की मागे वाट राहायला हवी, तशी राहू लागली. रंग बरोबर होता. वास येत होता. त्याने चमच्याचं टोक तोंडात घातलं.

काही नाही.

ऊन ऊन, मऊ, आणि काही नाही. तोंडात कुणी गरम कापूस ठेवावा तसं. त्याने मीठ घातलं. काही नाही. व्हिनेगर घातलं. नाकाला झोंबलं, जिभेला कळलं नाही. परत मीठ घालायला गेला तेव्हा स्टानाने त्याचं मनगट धरलं. "वेल्या, पुरे! समुद्र करतोस का?"

"लागत नाहीये."

"अरे, वर्ष झालं की..."

पण वेलिबोर घरात गेला होता. ल्युबिंकाची आठवी बरणी त्याने फडताळातून काढली. नोव्हेंबरसाठी ठेवलेली, हे त्याला ठाऊक होतं. पण नमुना असल्याशिवाय मोजणी होत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला नमुन्यासाठी नव्हे, धीरासाठी ती उघडायची होती. झाकण 'टप्' करून उघडलं. त्याने चमचा भरला, पातळ थर वगैरे नाही, भरला, आणि डोळे मिटले.

मिलुतिन आणि स्टाना दारात उभे होते. वेलिबोरचं तोंड हलत होतं, मग हलायचं थांबलं. गिळलंही नव्हतं त्याने.

"वेल्या?" मिलुतिन हळूच म्हणाला.

"हिचापण लागत नाही," वेलिबोर म्हणाला.

कुंपणावरून बोलायला मिलुतिनला हजार गोष्टी सुचत. स्वयंपाकघरात उभं राहून एकही सुचली नाही. त्याने बाहेर जाऊन कढईखालची लाकडं ओढली, आणि संध्याकाळी गार झालेली कढई आपल्या थंड तळघरात नेऊन ठेवली.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर वाचलं. पहिलं पान हसत वाचलं, दुसरं हसत. मग ऑगस्ट आला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि खाली 'वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे' करत पानाच्या तळाशी गेलं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"वस्तुस्थिती."

"स्टोइल्कोविच, जूनमध्ये काही लागत होतं?"

"फक्त आयवार."

"आणि काल?"

वेलिबोरने मान हलवली.

बाईंनी चष्मा काढला. "मग हे दुःखाने नाही झालेलं. गोळीने झालंय. मी सांगितलं होतं चव गेली तर या. गुडघ्यासाठी रोज दुकानात जात होतात, आणि यासाठी दीड महिना आला नाहीत?"

वेलिबोरला काहीतरी म्हणायचं होतं. गुडघा आपला होता, तो दुखला तर तक्रार करता येते. हे आपलं वाटलं नव्हतं. हे तिचं वाटलं होतं. तिच्यामुळे आलेलं, म्हणून ठेवून घेतलेलं. पण असलं काही खिडकीपाशी सांगता येत नाही, त्याला स्तंभ नसतो. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, नियमाप्रमाणे आहे."

"गोळी आजपासून बंद. रक्त पुन्हा तपासू. नखाला वरून लावायचं औषध देते, वेळ लागेल. आणि चव बहुतेकांची परत येते. काही आठवडे, कधी काही महिने."

"उघडलेली बरणी किती दिवस टिकते?"

"काय?"

"आयवारची. शीतकपाटात."

बाईंनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. आता त्यांना ते कळलं असावं, कारण आवाज खाली आला. "आठवडाभर. वरून तेल घाला."

आठवडा आणि काही महिने. वेलिबोरने आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या, पण दोन टोकं इतकी न जुळणारी कधी पाहिली नव्हती. घरी येऊन त्याने यास्नाला फोन केला.

"गोठवा ना बाबा," ती म्हणाली.

"स्टाना म्हणते गोठवला की पाणी सुटतं. तो मग तिचा राहत नाही."

यास्ना म्हणाली, "मी येते दुपारी."

ती आली, आणि मागे गॉर्दानाबाई. हातात स्वतःच्या सपाता, पिशवीत गुंडाळलेल्या. वेलिबोरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण बाई म्हणाल्या, "तुमच्या अंगणात मातीत उभं राहावं लागणार, म्हणून आणल्या हो. यास्ना म्हणाली, जिभा कमी पडतायत."

मिलुतिनने कढई परत चढवली. लाकडं या वेळी कोरडी होती. वेलिबोर चमचा घेऊन ढवळायला उभा राहिला, आणि बाकीचे चौघे ल्युबिंकाच्या बरणीभोवती हातात एकेक चमचा घेऊन उभे, जणू चर्चमध्ये मेणबत्त्या धरून. आधी तिचा, मग कढईतला, मग पाणी, मग पुन्हा.

"मीठ जास्त झालंय," स्टाना म्हणाली. "मी सांगत होते."

"स्टाना, तुला मीठ जन्मापासून जास्त वाटतं," मिलुतिन म्हणाला.

"मग उपाय काय?" वेलिबोरने विचारलं.

"आणखी मिरच्या," गॉर्दानाबाई म्हणाल्या. "भाजलेल्या उरल्यात ना?" अग्निशामक दलाने नेलेली पिशवी सोडून उरल्या होत्या. त्या गेल्या कढईत. बाईंनी ल्युबिंकाच्या बरणीतला दुसरा चमचा घेतला, सावकाश, आणि चमचा पुन्हा चाटला. ल्युबिंकाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"मला वाटायचं माझाच चांगला होतो," शेवटी म्हणाल्या. लेस्कोवात्समध्ये याहून मोठा शोकसंदेश कुणी देत नाही.

वेलिबोर ढवळत होता. बरणी रिकामी होत चालली होती हे त्याला दिसत होतं, काच तळापासून वर उजळत येत होती. त्या घरातली शेवटची चव चार माणसांच्या तोंडात जात होती, त्याच्या सोडून. पण ती कुठेतरी जात होती. फडताळात बसून बिघडत नव्हती.

यास्नाने बरणीचा तळ खरवडला. चाटला. मग कढईतल्या चमच्याला टोक लावलं, तोंडात घेतलं, आणि बापासारखीच, अगदी बापासारखीच, डोळे बारीक करून जीभ फिरवली.

"बाबा, व्हिनेगर थोडं कमी आहे."

"तुझ्या जिभेला काय कळतंय!" वेलिबोर म्हणाला.

आणि चमचा कढईत थांबला. मिलुतिनने टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. यास्नाचे डोळे भरून आले. वेलिबोरला आपल्याच तोंडाकडे बघता येत असतं तर तो बघत राहिला असता. मग त्याने बाटली उचलली, आणि व्हिनेगर घातलं.

एकवीस बरण्या भरल्या.

नोव्हेंबरात वर्षाचा विधी झाला. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, थडग्यावर वाइन ओतली, उकडलेले गहू वाटले, आणि मंडळी घरी येऊन बूट काढून बसली. वेलिबोरच्या मोज्यांना भोक नव्हतं. विहीणबाईंनी सहा जोड पाठवले होते. नख मुळाकडून स्वच्छ यायला लागलं होतं, महिन्याला तांदळाच्या दाण्याएवढं. टेबलावरचा आयवार संपला. "ल्युबिंकाचाच," लोक म्हणत होते. "हुबेहूब."

सगळे गेल्यावर वेलिबोरने नवी बरणी उघडून पावावर थर लावला. दोन आठवड्यांपासून जिभेवर काही काही परत येऊ लागलं होतं. त्याने डोळे मिटून घास खाल्ला, सावकाश, शेवटपर्यंत. मग रजिस्टर काढलं, दिनांक घातला, आणि प्रामाणिक सरकारी अक्षरात नोंद केली:

'मीठ: लागतं. व्हिनेगर: लागतं, बरोबर आहे. बाकी जे कमी आहे, त्याचा औषधाशी संबंध नाही.'